कॅप्टन गुंडेटींचा उजवा कान

कॅप्टन अंबादास गुंडेटींना तुम्ही काहीही सांगा, ते आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत करतात आणि मग कामाला लागतात. "कॅप्टन, जाताना गेट ओढून घ्या," असं मी म्हणालो, की ते जागच्या जागी थांबतात, "जाताना गेट ओढून घेतो," असं खणखणीत आवाजात म्हणतात आणि मगच गेटला हात लावतात. आमच्या कॉलनीत ते नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, माणूस आपली टिंगल करतोय. पहिले आठ-पंधरा दिवस मी त्यांच्याशी जरा जपूनच बोलत होतो.

मग कळलं की गृहस्थ विमान चालवतात. कंट्रोल टॉवरवरून हेडफोनमध्ये जे सांगतील ते परत बोलून दाखवायचं, म्हणजे सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांचीही खात्री होते, अशी त्या धंद्यातली रीत आहे. बाकीचे वैमानिक ही रीत विमानातच ठेवून घरी येत असतील. कॅप्टन ती बॅगेत घालून सोलापूरला आणतात. "मालक," ते मला एकदा म्हणाले, "वर ऐकण्यात चूक झाली तर खाली येऊन सॉरी म्हणायला माणूस उरत न्हाय की."

मालक म्हणजे मी, बिराजदार. आमच्या गावात दुकानदाराला मालकच म्हणतात, मग त्याचं दुकान बँकेकडे गहाण का असेना. नवी पेठेत माझं दुकान आहे. एका बाजूला चष्मे आणि दुसऱ्या बाजूला कानाची मशीन. माणसाची दोन इंद्रियं मी सांभाळतो, बाकीची ज्याची त्यानं बघावीत.

तर या रीतीपायी कॅप्टनच्या आसपास जे जे घडतं ते बघण्यासारखं असतं. डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि म्हणाले, "तोंड मिटून ठेवा." कॅप्टन "तोंड मिटून ठेवतो" म्हणाले आणि थर्मामीटर फरशीवर. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी काही न बोलता नुसती खूण केली. घरी सत्यनारायण घातला तेव्हा मात्र गुरुजी हरखून गेले. "पळीभर पाणी सोडा" म्हटलं की "पळीभर पाणी सोडतो", "उजव्या हातानं फूल वाहा" म्हटलं की "उजव्या हातानं फूल वाहतो". जाताना गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळा जन्म पूजा सांगण्यात गेला, पण आपण बोलतो ते कुणी ऐकतं, हे आज कळलं बघा."

त्यांच्या पत्नी पद्मावहिनी या रीतीला पार कंटाळलेल्या आहेत. नवऱ्याशी भांडायची सोयच राहिलेली नाही. "तुम्हाला काडीची अक्कल न्हाय," असं त्या चिडून म्हणतात. "काडीची अक्कल नाही," असं कॅप्टन शांतपणे म्हणतात आणि पुढच्या सूचनेची वाट बघत उभे राहतात. "भावजी, त्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं परवडलं की," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "भिंत गप तरी बसती."

मला पहिल्यापासून या माणसाचं अप्रूप आहे, आणि ते मी लपवत नाही. मी विमानात आयुष्यात एकदाच बसलो, तेही डोळे मिटून. आणि हा माणूस साखर पेठेतल्या विणकराच्या घरात, मागाच्या खडखडाटात वाढलेला. वडील टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. विमान शिकायचं म्हणाला तेव्हा वडिलांनी घरचे माग विकले आणि दुसऱ्याच्या मागावर कामाला गेले. गावाबाहेर कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात कॅप्टनची एक म्हातारी आत्या राहते. ती अजून सगळ्यांना सांगते, "आमचा अंबादास इमान हाकतो." कॅप्टन तिथं गेले की चार पट्ट्यांचा गणवेश मुद्दाम घालून जातात. आत्या त्या पट्ट्या बोटानं चाचपून बघते आणि म्हणते, शिलाई चांगली हाय.

त्यांचं दुसरं वेड तारखेचं. विमान कंपन्यांत म्हणे सगळं सिनिऑरिटीवर चालतं. कुठलं विमान मिळणार, दिवाळीची सुटी कुणाला मिळणार, डाव्या सीटवर कोण बसणार, हे सगळं कोण कधी कामाला लागला यावर ठरतं. डावी सीट कॅप्टनची आणि उजवी त्याच्या मदतनीस वैमानिकाची. उजवीकडून डावीकडे सरकायला कधी कधी उमेदीची सगळी वर्षं जातात, आणि त्या दोन खुर्च्यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे आमच्या कॅप्टनच्या रक्तातच भिनलंय, की ज्याची तारीख आधी, त्याचा नंबर आधी.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीत टँकर आला. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे बादल्यांची नुसती लढाई सुरू झाली. कॅप्टन पुढे झाले. "थांबा. कॉलनीत कोण कधी राहायला आलं? तारीख सांगा." त्या आवाजात काय जादू आहे कोण जाणे, माणसं खरंच तारखा सांगू लागली. कुणी वास्तुशांतीची पत्रिका घेऊन आलं. अर्ध्या तासात अशी देखणी रांग लागली, की टँकरवाल्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. कॉलनीत सगळ्यांत शेवटी आलेले म्हणजे स्वतः कॅप्टन. ते रांगेच्या टोकाला उभे राहिले आणि त्यांच्या पुढच्या माणसाची बादली भरली तेव्हा टँकर संपला. दोन रिकाम्या बादल्या घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी भरल्या बादल्या नेणाऱ्या एकाच्याही चेहऱ्यावर बघितलं नाही. वहिनी तेव्हा जे बोलल्या तेही कॅप्टननी शब्दाला शब्द परत बोलून दाखवलं, पण ते इथं लिहिता येणार नाही.

असा हा माणूस, आणि त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

कॅप्टनची कंपनी लहान होती. ती एका मोठ्या कंपनीनं घेतली. विमानांना नवा रंग लागला, सगळ्यांना एकच गणवेश आला, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं की संपलं, दोन चुली एक झाल्या. पण ताटात भाकरी वेगवेगळी पडत होती. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांना विमान उडो न उडो, ठरावीक तासांचा पगार पक्का. लहान कंपनीच्या वैमानिकांना जेवढं उड्डाण तेवढाच पगार. एकाच विमानात, एकाच काचेमागे, एकाच ढगाकडे बघत दोन माणसं बसणार आणि महिनाअखेर दोघांच्या हातात वेगवेगळा पगार पडणार. त्यावरून दोन तट पडले. शिवाय दोन्हीकडच्या वैमानिकांची एक यादी करायची होती, आणि तिच्यात कोण वर, कोण खाली, यावर तर हातघाईची वेळ आली. लहान कंपनीच्या वैमानिकांनी आपल्या बाजूनं बोलायला जी कमिटी निवडली, तिच्यात पहिलं नाव कॅप्टन गुंडेटींचं होतं.

यात एक मोठी अडचण होती, आणि तिचं नाव श्रावणी. श्रावणी म्हणजे कॅप्टनची एकुलती एक मुलगी. तीही वैमानिक. आणि ती पहिल्यापासून मोठ्या कंपनीत होती. उजव्या सीटवर बसत होती, आणि डावी सीट आता हाताच्या अंतरावर आली होती.

एके दिवशी बापलेक दोघं माझ्या दुकानात आले. श्रावणीच्या गॉगलची काडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळत होतो, तेवढ्यात मी आपलं सहज विचारलं, "ते यादीचं नक्की भांडण काय हो?" मी हे विचारायला नको होतं.

"सोपं हाय, मालक," असं म्हणून कॅप्टननी काउंटरवरच्या चष्म्याच्या डब्या ओढल्या. तपकिरी डब्या म्हणजे लहान कंपनी, काळ्या डब्या म्हणजे मोठी. "समजा, प्रत्येक डबीवर नोकरीला लागल्याची तारीख हाय. तारखेनं लावत जायचं. झाली यादी." त्यांनी भराभर डब्या लावल्या. तपकिरी डब्या बऱ्याचशा पुढे आल्या, कारण लहान कंपनीकडे नवी विमानंच येत नव्हती आणि तिथली पोरं वर्षानुवर्षं उजव्या सीटवरच थांबून राहिली होती.

"आता मी लावते," श्रावणी म्हणाली. तिनं सगळ्या डब्या परत गोळा केल्या. एक काळी, एक काळी, एक तपकिरी, अशा लावल्या. "काका, आमची कंपनी मोठी. आमच्याकडे डावी सीट लवकर मिळणार होती म्हणून तर आम्ही तिथं लागलो. यांची कंपनी बुडत होती. बुडणाऱ्यांना आपल्या नावेत घेतलं, तर त्यांनी येऊन पुढच्या बाकावर बसायचं का?"

"माझी पोरं पडत्या काळात अर्ध्या पगारावर उडाली हायेत," कॅप्टन म्हणाले. "नाव आता एकच झाली. मग कुणी कवा वल्हं हातात घेतलं, तेवढंच बघायचं."

मला दोघांचंही पटत होतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तीही माना वळवून डब्या बघत होती. एकानं तर काळ्या डब्यांची बाजू घ्यायला सुरुवात केली.

श्रावणीनं एक लाल डबी उचलली. "ही मी," ती म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "नान्ना, तुमच्या यादीत मी कुठं?"

कॅप्टननी पुन्हा तारखेनं रांग लावली. मग लाल डबी घेतली आणि हळूहळू मागे सरकवत नेली. वजनकाट्यावर सोनं ठेवावं तशी ती डबी त्यांनी काउंटरच्या अगदी कडेला ठेवली. उगीच ढकलली नाही, नेमकी जागा शोधून ठेवली.

"म्हणजे डावी सीट लई वर्षं लांब गेली," श्रावणी म्हणाली. "आणि हे तुम्ही स्वतः कमिटीत मांडणार?"

"मांडणार."

"माझा विचारसुद्धा न करता?"

"श्रावणी, कमिटीत मला मुलगी नाही."

 श्रावणी ताठ उभी राहिली आणि अगदी त्यांच्याच खणखणीत सुरात म्हणाली, "कमिटीत मुलगी नाही." आणि गॉगल तसाच टाकून निघून गेली.

त्या दिवसापासून ती सोलापूरला यायची बंद झाली. पूर्वी दोन दिवसांची सुटी मिळाली तरी मुंबईहून गाडी पकडून यायची. आता फक्त आईला फोन करायची. वहिनी फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या दारात बोलत बसायच्या, आणि तेवढ्यात कॅप्टनना दारातल्या कुंडीला पाणी घालायचं आठवायचं. पोरगी जेवढा वेळ बोलेल तेवढा वेळ हे पाणी घालणार. ज्या गावात प्यायला पाणी नाही, त्या गावात गुंडेटींच्या कुंडीतली जास्वंद पाण्यानं कुजून मेली. वहिनींनी दुसरी लावली. तीही मेली. "भावजी, बोलत का न्हाईत हो हे तिच्याशी?" वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणायच्या. "एक फोन कराया काय होतंय?"

बोलणार काय? कॅप्टनना माफी मागता येत नव्हती, कारण त्यांच्या मते त्यांचं चुकलं नव्हतं. आणि चुकलं नव्हतं हेच त्यांना टोचत होतं, असं मला वाटतं.

इकडे दोन तटांतलं भांडण चिघळलं. कॅप्टनच्या बाजूच्या तरुण वैमानिकांनी एक शक्कल काढली. संप करता येत नाही, तर सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं. विमानं जमिनीवर राहिली की कंपनी ताळ्यावर येईल. हा फोन कॅप्टनना माझ्या दुकानात आला. मी त्यांना एवढं संतापलेलं पहिल्यांदाच बघितलं. "आजार नसताना आजारी? वैमानिकानं तब्येतीचं खोटं सांगायचं? आज खोटी सर्दी सांगाल, उद्या खरी चक्कर लपवाल! हे जमणार न्हाय. मी मेलो तरी जमणार न्हाय." त्यांनी फोन ठेवला तेव्हा दुकानातली नंबर तपासायला आलेली एक बाई घाबरून सरळ उभी होती. पोरांनी त्यांचं ऐकलं, एकही जण आजारी पडला नाही.

आणि काही महिन्यांनी निकाल लागला. दोन्ही तटांचा पगार एक झाला. यादी तारखेप्रमाणेच करायची ठरली. कॅप्टनचा फोन दिवसभर वाजत होता, लांबलांबची पोरं रडून आभार मानत होती. संध्याकाळी ते दुकानात येऊन बसले.

"जिंकलात की हो, कॅप्टन!" मी म्हणालो.

"जिंकलो," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले. चहा आला तो तसाच निवला.

त्याच आठवड्यात ते मोठमोठ्या दोन बॅगा घेऊन घरी आले, ते कायमचेच. उजवा कान गेला म्हणाले. कानानं दगा दिला, त्या कानावर विमान उडवता येत नाही, नोकरी सोडली. निवृत्तीला अजून अवकाश होता. कॉलनीत सुतक पडल्यासारखं झालं. ज्याला त्याला वाईट वाटलं आणि ज्यानं त्यानं ते कॅप्टनच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. ते बिचारे डोळे मिटून ऐकून घ्यायचे. मला मनातून फार लागलं. आकाशात हयात काढलेला माणूस आता सकाळी वहिनींबरोबर मंडईत जाऊन वांगी निवडत होता. वहिनी म्हणायच्या, "बारकी घ्या," आणि हे म्हणायचे, "बारकी घेतो." आवाज तोच होता, पण त्यातली हवा गेली होती.

कानाची बातमी श्रावणीला कळली आणि ती पहिल्या सुटीला धावत आली. घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना हाताला धरून माझ्या दुकानात घेऊन आली. "काका, नीट तपासा. मुंबईत कुठं दाखवलं, काय निघालं, काही धड सांगत नाहीत."

माझ्या दुकानात मागच्या बाजूला एक छोटी काचेची खोली आहे. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि बाहेरून एकेका कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सोडायचा. ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. मी कॅप्टनना आत बसवलं, श्रावणी माझ्या शेजारी स्टुलावर बसली. डाव्या कानाला बोट चटाचट वर आलं. उजव्या कानाला मी आवाज सोडला. बोट हललं नाही. वाढवला, तरी नाही. आणखी वाढवला. कॅप्टन दगडासारखे समोर बघत बसलेले. श्रावणीचा चेहरा उतरत चालला.

मी बटण पार खाली आणलं, म्हटलं पहिल्यापासून सुरू करू. तेवढ्यात दिसलं की त्यांच्या खुर्चीचा पाय आडवा येतोय आणि खोलीचं दार नीट लागलेलं नाही. मी सवयीनं माइक तोंडाशी धरला आणि पुटपुटलो, "कॅप्टन, खुर्ची जरा डावीकडे घ्या." बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, की हेडफोन उजव्याच कानाला जोडलेला आहे, आणि आवाजही पार तळाला नेलेला आहे. जीभ चावून मी उठणार, तोच आतून आवाज आला.

"खुर्ची डावीकडे घेतो."

आणि त्यांनी खुर्ची डावीकडे घेतली. मग पुन्हा ताठ बसून समोर बघू लागले. आपल्या तोंडून काय गेलं हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मला वाटलं मशीन बिघडलं. मी वायरी हलवून बघायला लागलो. श्रावणीनं माझा हात धरला.

"काका, तुम्ही आत्ता काही बोललात?"

"हो, ते खुर्चीचं. तुला नाही ऐकू आलं?"

"नाही. मी शेजारी बसून नाही ऐकलं." तिनं बटणाकडे बघितलं, मग काचेतून वडिलांकडे. "यांचा कान ठणठणीत आहे."

"अगं, मग नोकरी कशाला सोडली?"

ती उठली. शोकेसमध्ये डब्यांची एक रांग लावलेली होती. तिनं त्यातली पुढची एक डबी उचलून हातात घेतली आणि मागच्या सगळ्या बोटानं पुढे सरकवल्या. रांग एका डबीनं पुढे आली.

"यादीत वरचा एक जण गेला, की खालचे सगळे एकेक नंबर वर येतात," ती म्हणाली. "यादी लागली आणि त्याच आठवड्यात यांचा कान गेला. मी एक नंबर वर आले, काका."

"म्हणजे तुला आता डावी सीट—"

"नाही हो! माझ्यापुढं अजून शेकड्यांनी आहेत. एका नंबरनं काहीच होत नाही. काही म्हणजे काहीच होत नाही. त्यांना माहितेय की ते. माझ्यापेक्षा जास्त माहितेय." एवढं बोलून तिनं काउंटरवरचं चष्मे पुसायचं फडकं उचललं आणि त्यात तोंड लपवलं.

मी काचेतून आत बघितलं. कानांवर हेडफोन लावून तो माणूस बसला होता, बहिरा असल्याचं नाटक करत. नियम मोडता येत नव्हता, वाकवताही येत नव्हता, तर त्या यादीत जे स्वतःच्या मालकीचं होतं तेवढं काढून दिलं. आख्खं आकाश सोडून दिलं, आणि पोरीला मिळालं काय, तर एक नंबर. खोट्या सर्दीवरून पोरांना झापणाऱ्या माणसानं आपला धडधाकट कान खोटा पाडला.  एवढा मोठा वेडेपणा मी उभ्या जन्मात बघितलेला नाही, आणि एवढा मोठा माणूसही नाही.

"आता त्यांना काय सांगायचं?" मी विचारलं.

श्रावणीनं तोंड पुसलं. "मशीन द्या, काका."

"अगं, चांगल्या कानात मशीन घालून मी पाप कशाला घेऊ?"

"ते शोकेसमधलं द्या. नुसतं दाखवायला ठेवलेलं. त्यात आत काही नसतं ना?"

काही नसतं. पोकळ प्लास्टिक. मी ते काढून दिलं. कॅप्टन बाहेर आले तेव्हा तिनं ते स्वतःच्या हातानं त्यांच्या उजव्या कानात बसवलं, त्यांच्या कानावरचे केस मागे सारले, आणि मोठ्यानं विचारलं, "नान्ना, आता येतंय का ऐकू?"

कॅप्टननी कानातल्या मशीनला बोट लावून बघितलं. "आता येतंय," ते म्हणाले. 

या गोष्टीला आता बराच काळ झाला. श्रावणी अजून उजव्याच सीटवर आहे. पण महिन्याकाठी एक सुटी काढून ती सोलापूरला येते, कारण वडिलांच्या मशीनची सर्व्हिसिंग करायची असते. बापलेक जेवून दुपारी दुकानात येतात. कॅप्टन कानातलं मशीन काढून गंभीरपणे माझ्या हातात देतात. मीही तितक्याच गंभीरपणे ते घेऊन मागच्या खोलीत जातो. पोकळ प्लास्टिकमध्ये सर्व्हिसिंग करायला काय असणार? मी ते फडक्यानं पुसतो, खुर्चीत बसून पेपर वाचतो आणि बाहेरचं ऐकतो. बाहेर यादीचं भांडण जोरात चाललेलं असतं. तारखेचा नियम चुकीचाच होता, असं ती अजून म्हणते. बरोबरच होता, असं ते अजून म्हणतात. मधेच तेलुगूत शिरतात, मधेच हसतात, चहावर चहा येतो. मशीन कानात नसताना कॅप्टनना सगळं कसं ऐकू येतं, हे तिघांपैकी कुणीही कधी विचारलेलं नाही.

मागच्या खेपेला दुकानात गर्दी होती, म्हणून मी जरा लवकरच बाहेर आलो आणि मशीन त्यांच्यापुढे धरलं. कॅप्टननी ते कानात घातलं, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. मग पोरीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. तिच्या गाडीला अजून वेळ होता.

"मालक, एवढ्यात झालं?" ते म्हणाले. "नीट बघा की. अजून जरा खरखर येतीय."

मी मशीन घेतलं आणि पुन्हा आत गेलो.